नवाबाचे रान

अकलूजच्या माणसाने 'जरा रानात जाऊन येतो' असे सांगितले, तर तो वाघाच्या भेटीला निघाला आहे असे कोणी समजू नये. तो उसाला पाणी द्यायला निघालेला असतो. नीरेकाठच्या आमच्या मुलखात रान म्हणजे शेत. भिजलेले रान, नांगरलेले रान, गहाण पडलेले रान, भावाभावांत वाटले गेलेले रान. झाडांनी गच्च भरलेले, ज्याच्यात कोणी काही पेरले नाही आणि कोणी काही कापणार नाही, असले रान आमच्या पाहण्यातच नाही. त्यामुळे गेल्या नाताळच्या सुट्टीत 'फणसाडचे रान पाहायला जायचे' असे मी घरी जाहीर केले, तेव्हा आमच्या आबांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाचं हाय ते?"

तो प्रश्न इतका मोलाचा आहे, हे मला तेव्हा कळले नव्हते.

मी चित्रकलेचा मास्तर. माझी विद्या दहावी आणि त्यावर चित्रकलेची एक परीक्षा, एवढीच. दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्या वाचनालयात आहेत आणि बऱ्याचदा तिथेच असतात. अशा माणसाला सुट्टीत कुटुंब घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जाण्याची हौस परवडत नाही. पण यावेळी घरात एक गोष्ट चालली होती, आणि तिच्यापासून चार दिवस लांब जावे असे मला वाटत होते.

गावाबाहेर आमचा सहा एकरांचा एक माळ आहे. मुरमाड, चढाचा, कुसळी गवताचा. बाकीची जमीन बागायत. ती आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, पाहतात. जमीन अजून सामाईक आहे. अण्णांचे म्हणणे असे की, यंत्र लावून माळ सपाट करावा, वर गाळाची माती टाकावी, खालच्या विहिरीवरून पाइपलाइन न्यावी आणि ऊस लावावा. त्यांचा मुलगा शिकून घरी बसला आहे. मुलीचे लग्न तोंडावर आहे. बँकेच्या कर्जाला आबांची आणि माझी संमती हवी. आबांनी सही केली होती. माझी राहिली होती. का राहिली होती, हे मलाही नीट सांगता येत नव्हते. माळावर टिटवी अंडी घालते, संध्याकाळी चंडोल उंच जाऊन गातो, थंडीत एखादे खोकड दिसते. यासाठी पुतण्याचा संसार अडवावा काय? असे कोणी तोंडावर विचारले असते, तर मी मान खाली घातली असती.

तर आम्ही निघालो. आबा, मी, सौभाग्यवती, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. पण चालण्यात ते मला हार जात नाहीत. पिशवीत ज्वारीच्या कडक भाकरी, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूर जिल्ह्याचा माणूस स्वर्गात जायला निघाला, तरी ही चटणी बरोबर घेईल. तिथल्या जेवणाचा काय भरवसा? ऊसतोडीचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत होते. पुण्यापर्यंत गाडीच्या खिडकीतून ऊस, ताम्हिणी घाटात झाडी, आणि खाली उतरल्यावर अंगाला चिकटणारी ती कोकणची दमट हवा. नांदगावला मुक्काम केला. सकाळी सुपेगावच्या बाजूने अभयारण्यात शिरलो. बरोबर एक वाटाड्या घेतला होता. पन्नाशीचा, सडपातळ, पायांत साध्या चपला. मुले त्याला लगेच 'काका' म्हणू लागली.

फणसाड हे रायगड जिल्ह्यात, मुरुड आणि रोहा या तालुक्यांत पसरलेले रान. क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर. एका बाजूला अरबी समुद्र इतका जवळ की, उंचावरच्या मोकळ्या माळावर आलो तेव्हा झाडांच्या फटीतून त्याची पांढुरकी रेघ दिसली. आत मात्र समुद्राची आठवणही राहत नाही. ऐन, जांभूळ, अंजनी, कुडा. माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या, आणि त्यांना हात-हातभर लांबीच्या शेंगा लोंबत असलेल्या. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याला झोडपले होते. तेव्हा पडलेली झाडे अजून आडवी होती, आणि त्यांच्या अंगावर नवी झाडे उभी राहू लागली होती.

आमच्या चिरंजिवांना बिबट्या हवा होता. तो अर्थातच दिसला नाही. बिबट्या या रानात आहे. सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत. पण पाच माणसांच्या पायांखाली पाचोळा वाजत असताना ते काय म्हणून थांबतील? दिसले ते शेकरू. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस, झुबकेदार शेपटीची ती मोठी खार एका फांदीवरून दुसरीवर अशी गेली की, मुलगा बिबट्याला विसरला. वाटाड्याने उंचावरची तिची घरटी दाखवली. एक नव्हे, तीन. "एकटीला इतकी घरं कशाला?" मुलाने विचारले. आबा म्हणाले, "सामाईकात नसंल, म्हणून." सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी शेकरूकडे पाहिले.

दुपारी आम्ही एका गणावर जेवायला बसलो. गण हा तिकडचा शब्द. रानातला नैसर्गिक पाणवठा म्हणजे गण. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि तितक्याच घाईने समुद्राला मिळतो. उन्हाळ्यात जांभा दगड तापून निघतो. अशा वेळी ही गणांची चार-दोन ठिकाणे रानाला जगवतात. फणसाडचे नावही अशाच एका गणावरून पडले आहे. गार सावली, थोडे पाणी, पाण्याकडे उतरलेल्या खुरांच्या खुणा. मुलीने वहीत रेखाटन सुरू केले. आणि आबांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सकाळपासून मनात ठेवलेला प्रश्न वाटाड्याला विचारला, "पाव्हणं, हे रान मुळात कुणाचं?"

"आता सरकारचं. आधी नवाबाचं."

१९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हा जंजिरा संस्थानचा मुलूख होता. ज्यांचा समुद्रातला किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही, ते सिद्दी घराणे इथले धनी. हे जंगल नवाबाची राखीव शिकारगाह होते. रयतेने इथे कुऱ्हाड चालवायची नाही. कारण नवाबाला जनावरे मारायची असत. पुढे १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. वाटाड्या सांगत होता, "आमचा आजा हाकाऱ्याला जायचा, असं घरात सांगत. डबे वाजवायचे, जनावर बंदुकीकडं रेटायचं. बोलावणं आलं की जायचं. हाताशी काय काम हाय, ते कोण विचारतो?"

मुलीने पेन्सिल थांबवली. "म्हणजे ज्यांना मारायचं, त्यांच्यासाठीच रान राखलं?"

"हां."

"मग बाबा, तो नवाब चांगला की वाईट?"

"वाईट!" चिरंजिवांनी निकाल दिला.

वाटाड्या हसला. "तो नसता ना बाळा, तर हे रानही नसतं. आजूबाजूचे डोंगर बघ. सगळ्याचा कोळसा होऊन मुंबईला गेला. एवढंच राहिलं." मग थोडे थांबून तो म्हणाला, "माझ्या आईनं याच रानातून सरपण आणून आम्हांला शिजवून घातलं. आता मी लोकांना सांगतो, सरपण आणू नका."

मुलगी माझ्याकडे उत्तरासाठी पाहत होती. मास्तर असण्याचा हा मोठा तोटा आहे. लोकांची मुले प्रश्न विचारतात, तेव्हा 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणता येते. आपली मुले पुढच्या तासालाही घरातच असतात.

पण उत्तर देण्याचे काम माझ्यावर आले नाही. आबाच बोलू लागले. कोणाकडे न पाहता, पाण्याकडे पाहत.

"आपल्या माळाला मोठं पाखरू व्हतं. माळढोक. मानंएवढी मान, गड्यासारखं चालायचं. मी धा वर्साचा आसंन. गवतात त्याचं अंडं घावलं. एकच घालतंय ते. म्या उचलून आणलं. आईनं तव्यावर टाकलं. घरात आमी चौघं, चतकोर-चतकोर खाल्लं. लई दिसांनी घरात कायतरी आल्यालं." ते थांबले. "मग बहात्तरच्या दुष्काळानंतर हीर खांदली, इंजान बसवलं आन् वरचं सहा एकर सोडून समदा माळ मोडला. पाखरू त्याच्या आधीच दिसंनासं झालं व्हतं. म्या काय वाईट केलं का रं?"

हा प्रश्न मुलीच्या प्रश्नाहून अवघड होता. कारण त्या मोडलेल्या माळावरच्या उसाने मला शाळेत घातले. त्या उसाने माझ्या बहिणींची लग्ने केली. माझ्या हातातला खडू, माझ्या दोन कादंबऱ्या, फणसाडला येण्याची ही हौस, सारे त्या नांगरटीचे पीक आहे. एका माणसाने जीव घेण्यासाठी रान राखले, आणि रान जगले. दुसऱ्याने पोरे जगवण्यासाठी माळ मोडला, आणि माळढोक गेला. हेतू तराजूच्या एका पारड्यात टाकावा आणि फळ दुसऱ्यात, तर काटा कोणत्या बाजूला जातो?

त्या रात्री नांदगावच्या मुक्कामी मुले झोपली, समुद्राची गाज येत होती, आणि मी या हिशेबात जागा होतो.

आपल्याकडे याचे उत्तर तयार आहे असे वाटते. गीतेने कर्माकडे पाहायला शिकवले, फळाकडे नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचेही म्हणणे असे की, निरपवादपणे चांगली म्हणावी अशी गोष्ट एकच, चांगली इच्छा. या मापाने आबा सुटतात आणि नवाब अडकतो. उलट जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज पंडिताने म्हटले आहे की, बुडणाऱ्याला वाचवणारा योग्यच वागतो. मग त्याने ते कर्तव्य म्हणून केले असो की बक्षिसाच्या आशेने. या मापाने नवाबाचे कृत्य पार पडते आणि आबांचे अडकते. मिलने पुढे हेही जोडले आहे की, हेतूचा संबंध कृत्याच्या योग्यतेशी नसला, तरी माणसाच्या योग्यतेशी आहे.

हे शेवटचे मला पटले, कारण ते मी घरी आणि शाळेत रोज पाळतो. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी हेतूला गुण देत नाही. मुलाने कितीही भक्तिभावाने गणपती काढला आणि त्याचे पोट चौकोनी झाले, तर गुण कमीच पडतात. पण आबांना पाणी आणून देताना माझ्या मुलाच्या हातून तांब्या पडून फुटकी फरशी आणखी फुटली, तर मी त्याला रागावत नाही. चित्र फळावरून तोलायचे, पोर हेतूवरून. आपण सगळेच असे दोन तराजू वापरतो, आणि त्यात काही गैर नाही. तेव्हा मुलीला सांगावे, की रान राखले गेले हे चांगले झाले; ते राखणारा त्यासाठी चांगला ठरत नाही. आणि आबांना सांगावे, की माळढोक गेला हे वाईट झाले. त्यासाठी तुम्ही वाईट ठरत नाही.

उत्तर नीटनेटके आहे. पण ते अंथरुणावर घेऊन पडलो, तरी झोप येईना. कारण हे उत्तर होऊन गेलेल्या गोष्टींचे आहे. नवाब गेला. माळढोकही जवळजवळ गेला. सबंध देशात आता दीडशेच्या आसपास उरले असतील, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. जो मेला त्याचा न्याय करायला फारसे धैर्य लागत नाही. माझ्या कपाटात मात्र एक संमतीपत्र होते, आणि त्याचा न्याय व्हायचा होता.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करू लागलो. नवाबाच्या हेतूचे राहू द्या. त्याने केले तरी काय? त्याने 'नाही' म्हटले. इथे तोडायचे नाही, एवढेच. आणि पाहावे तिकडे हीच कथा आहे. आपल्या कोल्हापूरकडचे दाजीपूरचे जंगल छत्रपतींच्या शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले आणि गवे तिथे राहिले. भरतपूरच्या पाणथळीत १९३८ साली व्हाइसरॉय लिन्लिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले; आज तीच जागा पक्ष्यांसाठी जगभर नावाजलेले राष्ट्रीय उद्यान आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे 'न्यू फॉरेस्ट' विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास हरणांच्या शिकारीसाठी राखून घेतले. रयतेला कायदे मोठे कडक होते. ते २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. जिथे कोणा बलवंताने दुबळ्यांना 'नाही' म्हटले, तिथे झाड उरले. हा निष्कर्ष मनाला बोचतो. मग काय, नवाब परत आणावेत?

ते करूनही पाहिले आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी आमच्या सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. कागदावर केवढे रान! पण त्यात गावेच्या गावे, लोकांची शेते, घरे, रस्ते. स्वतःच्या जमिनीच्या व्यवहाराला परवानगी मागावी लागे. माणसे पक्ष्यावर चिडली. त्याचा काय दोष? पुढे अभयारण्य कमी करत करत १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, आणि पक्षी तर त्याआधीच विरळ झाला. हुकुमाने रान राखले जाते. पण हुकूम ज्याच्या पोटावर बसतो, त्याच्या मनात ते रान राहत नाही.

याला तिसराही एक प्रकार आहे आणि तो आपल्या मातीतलाच आहे. सह्याद्रीत गावोगाव देवराया आहेत. देवराईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. हेतू पाहिला तर तोही काही उदात्त नव्हे. देव कोपेल ही भीती. पण नवाबाच्या 'नाही'त आणि देवराईच्या 'नाही'त एक फरक आहे. देवराईतली कुऱ्हाड पाटलालाही वर्ज्य असते. नवाबाने मर्यादा घातली ती दुसऱ्यावर, स्वतःची बंदूक मोकळी ठेवून. देवराईची मर्यादा सगळ्यांवर सारखी. न्यू फॉरेस्टमध्येसुद्धा आसपासच्या लोकांचे गुरे-घोडी चारायचे जुने हक्क शिल्लक राहिले आणि ते आजही वापरले जातात. ते रान नुसत्या हुकुमाने नाही, तिथे राबणाऱ्यांच्या पायांनीही टिकले.

तेव्हा मला दिसले, की आबांनी विचारलेला प्रश्नच खरा होता. रान कुणाचे? किंवा असे म्हणू: 'नाही' म्हणणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, असे तर नाही ना? नवाबाच्या 'नाही'ची किंमत हाकाऱ्यांनी मोजली. आजच्या अभयारण्याच्या 'नाही'ची किंमत तो वाटाड्या मोजतो, ज्याच्या आईचे सरपण बंद झाले; आणि आम्ही पाहुणे एका दिवसाची वाट तुडवून, शेकरू पाहून, रान राखल्याचे समाधान फुकट घेऊन घरी जातो.

आणि माझे 'नाही'? मी सही अडवून धरली होती. माझा पगार दर महिन्याला येतो. माळावर ऊस आला काय आणि टिटवी राहिली काय, माझ्या ताटातली भाकरी तीच. अण्णांचे कर्ज अडणार, पुतण्या बसून राहणार, आणि मी संध्याकाळी वही घेऊन चंडोल ऐकायला जाणार. समुद्राची गाज ऐकत पडलेला मी एकदम उठून बसलो. मी नवाबाचा न्याय करत होतो, आणि अकलूजच्या वेशीबाहेर सहा एकरांचा एक नवाब स्वतःच होऊन बसलो होतो!

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेलो. म्हटले, "माळ आहे तसा राहू द्या. त्याबदली सामाईक बागायतीच्या उत्पन्नातला माझा वाटा दर वर्षी तुम्ही घ्या. माळावर खर्च करून जे पिकले असते, त्याहून तो कमी नाही." अण्णा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटले, मला कोकणातले काहीतरी बाधले. मग म्हणाले, "मास्तर, हिशेब कागदावर दे. तुझ्या मनात उद्या काय यील, नेम न्हाई." भाऊ असावा तर असा.

मोठ्या समाधानाने घरी आलो आणि सौभाग्यवतींना सांगितले. त्या चुलीपुढे होत्या. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "अहो, म्हणजे तुम्ही नवाब, आणि आम्ही तिघं हाकारे. होय ना?"

वाचकहो, मिल आणि कांट यांना मी रात्रभर जागवले. पण हे त्यांपैकी कोणाला सुचले नव्हते. त्या वाट्याच्या पैशांतून मुलीच्या पुढच्या शिक्षणाची सोय व्हायची होती. त्या पैशांतून घराची गळकी बाजू नीट व्हायची होती. स्वतःचा त्याग म्हणून मी जो अण्णांच्या पुढे ठेवून आलो, त्यातला निम्म्याहून अधिक माझा नव्हताच. माणूस 'मी सोडले' असे म्हणतो, तेव्हा त्या 'मी'मध्ये घरातल्या किती जणांना त्याने न विचारता बसवलेले असते!

तेव्हा पहिल्यांदा आम्ही सगळे एकत्र बसलो. मुलीला विचारले. ती म्हणाली, "पण आपण बदललेलं तर चालेल ना?" चिरंजिवांनी माळावर शेकरू येणार का, ते विचारून घेतले, येणार नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह कमी झाला. आबा काही बोलले नाहीत. शेवटी सौभाग्यवतींनी तोड काढली. पाच वर्षे. पाच वर्षे माझ्या वाट्याचा निम्मा भाग अण्णांना द्यायचा. त्यात पुतण्याने खालच्या रानात म्हशींचा गोठा घालावा, आणि माळावरचे गवत गोठ्याला न्यावे. मात्र कापायचे ते टिटवीची पिल्ले उडून गेल्यावर. पाच वर्षांनी पुन्हा बसायचे. अण्णांनी कुरकुर केली आणि मानले. कागद झाला. त्यावर माझी सही आहे, आणि माझ्या हट्टाने सौभाग्यवतींचीही.

यातून काय साधले, असे कोणी विचारील. माळढोक परत येणार नाही. सहा एकरांना तो भुलणार नाही. पाच वर्षांनी माळ राहील की नाही, तेही मी सांगू शकत नाही. आणि माझा हेतू तरी निर्मळ होता काय? चार माणसांनी 'मास्तर वेगळा माणूस आहे' म्हणावे, ही इच्छा त्यात नव्हती असे शपथेवर सांगता येणार नाही. नाहीतर दिवाळी अंकात हा निबंध कशाला लिहिला असता? पण आता मला त्याची फार चिंता वाटत नाही. एका माणसाच्या शिकारीच्या हौसेने ७० चौरस किलोमीटरचे रान तगले असेल, तर एका मास्तराच्या फुशारकीने एक टिटवी तगायला हरकत नसावी. फक्त त्या फुशारकीचा खर्च कोणाच्या नावे पडतो, ते विचारून घ्यावे. आणि ज्याच्या नावे पडतो, त्याला सहीला बोलवावे.

आबांना मी अजून उत्तर दिलेले नाही. तुम्ही वाईट केले नाही, असे एकदा म्हणालो होतो. त्यांनी हात हलवून ते उडवून लावले. ज्याने ते अंडे उचलले, त्याला शब्दांनी मोकळे करता येत नसावे. यंदाच्या उन्हाळ्यात वळवाचा पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका सकाळी त्यांनी नातवाला उठवले आणि माळावर नेले. मीही मागून गेलो. खड्यांसारख्याच रंगाची चार अंडी जमिनीवर उघडी पडलेली होती, आणि टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत आम्हांला शिव्या देत होती. मुलगा वाकला. आबांनी काठी आडवी धरली.

"बगायचं," ते म्हणाले, "आन् मागं सरायचं."

तेव्हापासून ते रोज सकाळी काठी घेऊन निघतात. पूर्वीसारखेच सांगून जातात, "जरा रानात जाऊन येतो." पूर्वी मला ठाऊक असे, ते उसाकडे निघाले आहेत. आता विचारावे लागते, कोणत्या रानात?